बाकी सगळं स्थिर धरून

रात्री दहानंतर
मी एका अख्ख्या देशाचं उत्पन्न मोजते,
स्टोकमधल्या लाँगटनला, घडीच्या टेबलावर,
पोळपाट जरा बाजूला सरकवून.

प्राध्यापक बाई पडद्याच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या.
मी त्यांना सव्वापट वेगानं बोलायला लावते.
सकाळी साडेसहाला हॉस्पिटलच्या औषधभांडारात हजर व्हायचं असतं,
त्यामुळे मंदी येते, व्याजदर उतरतात,
आणि उद्याच्या डाळीची तिसरी शिट्टी व्हायच्या आत
देश पुन्हा पूर्ण रोजगारावर.
दर दोन वाक्यांनी बाई म्हणतात, बाकी सगळं स्थिर धरा.
मी धरते.
बाहेरून शेवटची बस जाते, फडताळातल्या बश्या थरथरतात.

पहिल्या आठवड्यात एक चौकट काढली.
इकडे घरं, तिकडे कंपन्या, मधून पैसा फिरतो.
समासात लिहिलं: रहाटगाडगं.
लिहिल्यावर लक्षात आलं, हे गाव तर गाडग्यांचंच.
रहाट अजून फिरतो.
गाडगी आता जहाजानं येतात.

गळती तीन प्रकारची, बाई म्हणाल्या: बचत, कर, आयात.
मी खाली चौथी लिहिली,
शिऱ्याच्या झेरॉक्स मशीनचा हप्ता,
दर महिन्याच्या तीन तारखेला, हिंगणघाटला.
मग खोडली.
मग पुन्हा लिहिली, पेन्सिलीनं.
इथल्या चौकटीत जी गळती
तीच तिथल्या चौकटीत भर,
हे मी त्याला फोनवर फार उत्साहानं समजावलं.
तो म्हणाला, ताई, टोनर संपलाय.

पाचवा आठवडा बेरोजगारीचा.
घर्षणजन्य, चक्रीय, संरचनात्मक.
बारावीला हे शब्द पाठ केले होते,
मार्क मिळाले होते,
अर्थ तेवढा घ्यायचा राहिला होता.

तो भिंतीपलीकडे राहतो. ग्लेनिस बोल्ड.
एकतीस वर्षं कपांच्या काठाला सोन्याची रेघ ओढायची.
हात हलवायचा नाही, डक, कप फिरतो, ती सांगते.
(इथं मायेनं सगळ्यांना बदक म्हणतात.)
कारखाना मिटला तेव्हा तिला
पार्सलच्या गोदामात स्कॅनर धरायला शिकवत होते.
चार दिवस गेली.
बीप ऐकू आला की मी कप ठेवायला जागा शोधायचे, म्हणाली,
आणि हसली, आणि मग नाही.

प्रश्न सातवा.
एखाद्याचं कौशल्य बाजाराला लागेनासं होतं.
ही बेरोजगारी कोणती? चार पर्याय.
मी तिसरा दाबला.
हिरवी टिक. छान, पुढे चला.
मी घाईनं आवाज बंद केला,
जणू तिला उत्तर ऐकू गेलं असतं.
तिकडे टीव्हीवर कुणीतरी बक्षीस जिंकत होतं.

रविवारी ती मांजराची किल्ली द्यायला आली,
बहिणीकडे निघाली होती लँडुडनोला.
टेबलावर माझी वही उघडी,
एकूण मागणीची रेषा पाच वेळा काढलेली, पाच वेळा वाकडी.
बघू, म्हणाली.
मी पट्टी पुढे केली. नको, म्हणाली.
चष्मा कपाळावर ढकलला, पेन उभं धरलं,
करंगळी कागदाला टेकवली,
आणि डाव्या हातानं वही फिरवली.
वही फिरली. हात नाही.

वरून डावीकडून खाली उजवीकडे
एका श्वासात ती रेघ उतरली,
कुठे सुरू झाली ते शोधावं लागलं असतं.
पेनाचं टोपण लावून ती म्हणाली, मांजराला दूध नको देऊस,
आणि गेली.

असाइनमेंटला मी तीच जोडली.
मंगळवारी बाईंचा शेरा आला:
रेषा सुबक आहे.
अक्षांना नावं द्यायची राहिली. एक गुण वजा.