एकशे अकरा घसे

"इफ्तह," म्हणते मी. उघड.
बारा वर्षांत माझं अरबी एवढंच कामाचं.
जहराच्या पलीकडे छावणीत रांग लागलीय,
डोकी परवाच भादरलेली,
कानांमागे उन्हानं अजून न रापलेली पांढरी कड.
जीभ दाबायची, काडी पडजिभेमागे नेऊन फिरवायची.
पोराला उमासा येतो, डोळ्यांत पाणी,
आणि मागचे हसतात.
अजून हसतात.

मिशारी सोमवारी कवायतीत म्हणाला, डोकं दुखतंय.
सार्जंट म्हणाला, इथं सगळ्यांचंच दुखतं.
रात्री त्याची मान वळेना.
पहाटे मी त्याच्या मांडीवर काचेचा पेला दाबला.
पुरळ पेल्याखालून माझ्याकडे बघत राहिलं,
जांभळं, न विरणारं,
करवंद चिरडल्यावर बोटांना राहतं तसं.
दुपारी त्याचे वडील पोचले तेव्हा
खाटेवरची चादर बदललेली होती.

या दवाखान्यात नर्स मीच, लॅबही मीच.
चॉकलेट अगार म्हणतात त्या बशीला.
चॉकलेट नसतं त्यात. शिजवलेलं रक्त असतं.
त्यावर जे उगवतं ते भिंगाखाली गुलाबी, जोडीजोडीनं,
सोललेल्या डाळिंबीच्या दोन फाकी.
वाल सोलून नखं हिरवी झालेली माझी आई
हे बघून म्हणाली असती,
अगं, किती नीटस.

सत्त्याण्णव घसे स्वच्छ.
चौदांमध्ये ते मुक्कामाला आहे,
भाडं नाही, भांडण नाही.

मिशारीची खाट एकेचाळीस.
चाळीस नंबरवर धारी. मध्ये एक वीत.
यंदा भरती जास्त, म्हणून खाटा सरकवलेल्या.
एकच बाटली, एकाच सिगारेटचे आळीपाळीनं झुरके,
रात्री दिवे गेल्यावर घरच्या गप्पा, नाकाला नाक.
धारी ठणठणीत आहे. साधी कणकणसुद्धा नाही.

गोळी त्याच्या तळहातावर ठेवते.
बाहेर बराकीत खाटा ओढतायत, लोखंड फरशीवर किंचाळतंय,
कुणीतरी ओरडतं, तीन फूट, तीन.
तो विचारतो,
"सिस्टर, माझ्यापासून गेलं का त्याला?"

अहवाल माझ्या खिशात, चार घड्या घातलेला.
त्यावर त्याचं नाव आहे.
पण कोणी कोणाला दिलं,
हे माझी बशी सांगत नाही.
अरबीत नकार एका अक्षराचा असतो.
"ला," म्हणाले.

त्यानं गोळी गिळली.
मग मी न सांगताच तोंड उघडून दाखवलं,
रिकामं,
बराच वेळ.