साबणाची डबी

रेनो काउप्पीच्या गिटारीला तडा गेला
तो आवाज मी ड्रममागून ऐकला.
टू हार्बर्सचा हॉल, जानेवारी,
बाहेर उणे एकतीस, आत भट्टीची कोरडी ऊब,
आणि तिसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात
कुणी बोट मोडावं तसं : कट्.
रेनो गात राहिला.
फक्त मान कलली त्याची,
पोराला ठेच लागली की बापाची कलते तशी.

परतताना व्हॅनमध्ये कुणी बोलेना.
डावीकडे सुपीरियर सरोवर,
गोड्या पाण्याचा अख्खा समुद्र,
काठाशी बर्फाचे कपचे एकमेकांवर चढलेले.
डलूथचे दिवे दिसू लागले तेव्हा तो म्हणाला,
"एवढं पाणी उशाला, आणि लाकडाच्या घशाला कोरड."

दुसऱ्या दिवशी त्याने
मोटेलातून ढापलेली साबणाची डबी घेतली,
डार्लीनचा सिंकवरचा स्पंज कापला,
ड्रिलने सतरा भोकं पाडली.
(अठरावं पाडताना आधीच्या दोन डब्या फुटल्या होत्या.)
स्पंज भिजवायचा, मग पिळायचा, पुन्हा पिळायचा,
थेंब गळता कामा नये.
"पाणी वेगळं आणि ओल वेगळी," तो म्हणाला.
डार्लीनने माझ्याकडे पाहिलं.
त्यांचं तेव्हा फारसं बरं चाललं नव्हतं.

मग बेमिजीच्या बँजोवाल्याला एक,
त्याच्या मेहुण्याला एक,
मग आमच्या टेपा मांडायचो त्या टेबलावर
डब्यांची रास.
मी मोजणारा माणूस,
एक-दोन-तीन-चार हाच माझा धंदा,
म्हणून फार्गोचा आकडा अजून पाठ आहे :
माणसं अठ्ठावन्न,
टेपा गेल्या दोन, डब्या एकेचाळीस.
एका म्हातारीकडे तर गिटारच नव्हती,
तिने नवऱ्याच्या तंबाखूसाठी नेली.
त्या रात्री रेनोने पैसे मोजले नाहीत.
टाळ्या नेमक्या कशाला पडल्या
ते माणसाला कळतं.

बँड मोडला असं कुणी म्हणालं नाही.
गॅरेजमधून ॲम्प्लिफायर हलले,
तिथे प्लास्टिक ओतायचं यंत्र आलं,
हॉकी खेळणाऱ्या पोरांच्या आया पॅकिंगला आल्या,
आणि मी.
एका खोक्यात बारा डब्या,
चार-चारचे तीन ठेके.
हात तेच. पगार मात्र वेळेवर.

मग कुणीतरी आमची हुबेहूब नक्कल काढली, निम्म्या भावात.
खटला हरलो. बँकेने गॅरेजवर डोळा ठेवला.
त्याच आठवड्यात कॅलगरीच्या एका बाईचं पत्र :
वडिलांची गिटार सहा वर्षं पलंगाखाली होती,
काल उघडली, सूर पार गेलेला,
पण अंगावर एक चीर नाही.
रेनोने चष्मा पुसला
आणि पत्र 'तक्रारी' लिहिलेल्या खणात ठेवलं.
म्हणाला, दुसरा खण नाही आपल्याकडे.

एकदा माल उतरवणाऱ्या पोराने विचारलं,
तुम्ही वाजवायचात का हो?
"थोडंफार," तो म्हणाला, "तेही कोरडंच."

परवा त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.
किल्ल्या माझ्याकडे.
बिलबुक शोधताना कपाटावरची केस हाती आली.
तीच गिटार. तड्यावर गोंदाची पिवळी रेघ.
तारा नाहीत, एकही नाही.
अकरा वर्षांत तिचा आवाज
त्याच्या शेजाऱ्यांनीही ऐकलेला नाही.
पण मानेजवळच्या कप्प्यात
ती पहिली डबी, सतरा भोकांची,
आणि स्पंज असा कापलेला की नवा.
दाबून पाहिला :
कडा वाळलेल्या,
मध्ये अजून ओल.

मी केस लावून टाकली.
बिलबुक सापडलं.
दिवे मालवले, दारापर्यंत गेलो,
मग परत येऊन
स्पंज नळाखाली धरला, पिळला,
पुन्हा पिळला.
शनिवार होता,
आणि तो गुरुवारच्या आत यायचा नव्हता.