इयत्ता

सात वाजून दहा मिनिटांनी पिवळी बस
आमच्या टपालपेटीपाशी मंदावते.
थांबत नाही. वळण आहे तिथे, म्हणून.
तीन हिवाळे झाले,
ती माझ्यासाठीच मंदावते असं मला वाटत आलंय.

स्वयंपाकघरातल्या टेबलाचा एक पाय आखूड,
त्याखाली आईने भूगोलाचं जुनं पुस्तक सारलंय.
तेवढाच काय तो भूगोल झाला यंदा.
फ्रिजवर तिच्या अक्षरातलं वेळापत्रक,
सोमवारी बीजगणित, मंगळवारी निबंध.
लोहचुंबक घसरत घसरत
बुधवारवर येऊन बसलंय.

आमच्या वर्गात पहिला नंबर माझा
आणि शेवटचाही माझाच.
मग मागे पडले म्हणजे कुणाच्या मागे?
रस्त्यावर दुसरं कुणी नसलं
की आपण चालतोय की थांबलोय, कळत नाही.

शाळा नको असं मीच म्हणाले होते, सहावीत.
जेवणाच्या हॉलमध्ये ट्रे धरून
उभं राहायचं ते एक मिनिट,
कुणीही सरकून जागा देत नाही, ते.
त्या एका मिनिटापायी
आईने बेकरीतली नोकरी सोडली,
बाबांनी लाकडाच्या ट्रकवर रविवारही धरले.
आता कुठल्या तोंडाने म्हणू?

पहिलं वर्ष छान गेलं, खोटं कशाला बोलू.
घुबडाने ओकलेले गोळे फोडून आम्ही
उंदराचा अख्खा सांगाडा पुठ्ठ्यावर चिकटवला.
मार्चमध्ये मेपलचा रस उकळताना
वाफेतून आईचा नुसता आवाज यायचा,
चाळीस बादल्या आटल्या की एक बादली पाक,
हेही गणितच, ओडेट, लिहून ठेव.
लिहून ठेवलं.

मग आजोबा बर्फावर पडले.
मग बिलं आली. मग आई वृद्धाश्रमात
रात्रपाळीला जाऊ लागली.
आता दिवसा ती झोपते आणि मी
पुस्तकाच्या शेवटची उत्तरं
माझ्या वहीत उतरवते,
मधल्या पायऱ्या गाळून.
घरी आल्यावर अंगातला कोटही न काढता
ती हिरव्या पेनाने बरोबरच्या खुणा करते.
तिला माहीत आहे. मला माहीत आहे
की तिला माहीत आहे.

फेब्रुवारीत वाचनालयात
पेल्कींचा ॲन्सेल, सातवीतला,
वही पुढे सरकवून म्हणाला,
पाच इकडून तिकडे नेले
की वजाचे अधिक का होतात?
होतात, मी म्हटलं.
पण का?
मी हातमोजे शोधू लागले.
ते माझ्या हातातच होते.

त्या रात्री नववीची सराव परीक्षा काढून सोडवली.
चाळीस प्रश्न.
आटून आटून सहा उरले.

आज टोमॅटोच्या बिया शोधायला खण उघडला.
पाकिटांच्या खाली शाळेचा फॉर्म.
माझं नाव, पत्ता, लशींच्या तारखा,
अडीअडचणीला कुणाला फोन करायचा,
सगळं आईच्या अक्षरात.
खाली सही. नोव्हेंबरची तारीख.
फक्त इयत्तेचा चौकोन कोरा,
त्यात पेन टेकवून उचलल्याचा
एक हिरवा ठिपका.

म्हणजे पाच महिने हा कागद खणात ठेवून
ती माझ्या वहीत खुणा करत होती.
मी तिच्यासाठी गप्प होते
आणि ती, मला वाटतं, माझ्यासाठी.

पेन्सिलीने दहावी लिहिलं. खोडलं.
नववी लिहिलं. तिथे सगळी माझ्याहून लहान असतील.
तेही खोडलं.
कागद इतका पातळ झालाय आता
की खालचं लाकूड दिसतंय.

वरची फळी वाजली. आई उठली.
फॉर्म परत ठेवायला अजून वेळ आहे,
आमच्या जिन्याला तेरा पायऱ्या.
मी खोडरबराची घाण फुंकून टाकते,
कॉफीचं पाणी चढवते
आणि ऐकत राहते.
ती एकेक उतरते आहे,
मधली एकही न गाळता.