शेवटची दहा मिनिटं

नाव नाही सांगणार.
सांगितलं की तुम्ही म्हणाल, "हां, तो होय? जरा संथच आहे,"
आणि मग माझं तुमच्याशी बोलणंच खुंटेल.

खडकीची शेवटची बस डेक्कनवरून
नऊ पन्नासला सुटायची
आणि सिनेमा संपायचा दहाला.
म्हणून लग्नानंतरची चार-पाच वर्षं
आम्ही एकाही गोष्टीचा शेवट पाहिला नाही.
हणमंत मनगट डोळ्यांशी नेऊन घड्याळ बघायचा,
माझ्या कोपराला एक बोट लावायचा,
की आम्ही वाकून,
रांगेतल्या सगळ्या गुडघ्यांची माफी मागत बाहेर.
मागे नायिका अजून जिन्यावरच उभी.

बसमध्ये आम्ही शेवट करायचो.
त्याचे शेवट फॅक्टरीतल्या माणसाचे:
पगार वेळेवर, म्हातारी दवाखान्यातून घरी,
खलनायकाची बदली वरणगावला.
माझ्या शेवटात कोणीतरी हमखास
दार उघडं टाकून निघून जायचं.
"थंडी नाही का येणार घरात?" तो विचारायचा.

तर त्या जुन्या, काळ्यापांढऱ्या,
पुन्हा लागलेल्या सिनेमातला एक प्रसंग
मी जन्मभर मिरवला.
रात्र. चालती गाडी. खिडकीची काच सारखी खडखडतेय,
पेंगणाऱ्या बाईचं कपाळ तिच्यावर आपटतंय.
शेजारचा माणूस एक शब्द बोलत नाही.
तिकिटाची घडी घालतो, घडीची घडी,
आणि फटीत खोचतो.
काच गप्प.
बस्स, एवढंच. संगीतसुद्धा नाही.

हे मी शकुंतला ढमढेरेला सांगितलं, पोस्टाच्या रांगेत.
लेकीला, वेण्या घालता घालता, दर इयत्तेत एकदा.
दाताच्या डॉक्टरला, अर्ध्या बधिर तोंडाने:
याला म्हणतात दिग्दर्शन.

परवा लेकीने तो शोधून काढला.
साखरेच्या डब्याला फोन टेकवून ठेवला ओट्यावर.
मी गवार मोडत होते.
गाडी आली. खिडकी आली.
तिला काचच नव्हती.
पडदा होता, तो उडत होता,
आणि बाई टक्क जागी, अखंड बोलत होती.

"मागे घे."
घेतलं. तीच गाडी, तोच पडदा.
"कापला असेल गं प्रसंग," लेक म्हणाली,
दवाखान्यात बोलतात तशा आवाजात.

कुकरची तिसरी शिट्टी झाली
तेव्हा मला तिकिटाचा रंग आठवला.
गुलाबी होतं.

गुलाबी, पातळ, कोपऱ्यात चिमट्याचं भोक.
मी पापण्यांच्या फटीतून पाहिलं असणार
आणि मग झोपले असणार पार बाजारापर्यंत.
कारण दुसऱ्या दिवशी शर्ट भिजवताना
खिशात दंडाची पावती निघाली होती
आणि मी दिवसभर कडकड भांडले होते.
वाकडेवाडीला म्हणे तपासनीस चढला.
"तिकीट काढायला काय झालं होतं?"
"काढलं होतं," तो म्हणाला होता.
आणि बादली उचलून नळावर गेला होता.

हात पुसत बाहेरच्या खोलीत गेले.
तो मॅच बघत होता, आवाज मोठा करून.
"तुम्ही तेव्हा ते तिकीट खिडकीतून
उपसलं का नाहीत?"
"कुठलं?"
"बसमधलं. दंड भरलात ते."
"दंड? मी?" तो खुर्चीत ताठ बसला.
"छत्तीस वर्षं सर्व्हिस झाली माझी.
विनातिकीट एक दिवस गेलो असेन तर सांग."
त्याला काही म्हणता काही आठवत नव्हतं.
वर, चष्मा कुठे ठेवलास, म्हणून माझ्यावरच घसरला.

मग ओव्हर संपल्यावर चहा मागायला
स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.
फोन तसाच थांबवलेला होता.
दहा मिनिटं उरलेली.
डब्याला टेकून, जिन्यावर, ती.

तो जरा वाकला. निरखून पाहिलं.
"ही अजून इथेच?"