साडेनऊ नंबर

एफ्रेनचा चेहरा माझ्याकडे फारसा नाही.
तेवीस कॅसेटी आहेत, त्यांत त्याचे पाय आहेत.
कॅमेरा जमिनीपासून वीतभर वर धरून
मी दुसऱ्या बोर्डवर त्याच्यामागे घरंगळायचो.
माशाच्या डोळ्यासारख्या त्या फुगीर भिंगात
आधी बूट मावायचे, मग चाकं, मग चुला विस्टाचं आकाश,
आणि जागा उरलीच तर एफ्रेन मकाराएग,
तोही हनुवटीपर्यंत.

सत्त्याण्णव साली त्याच्या नावाचा बूट निघाला.
निळं स्वेड, खाली मधाच्या रंगाचं रबर,
जीभ उशीएवढी जाड
आणि जिभेच्या आत एक चोरखिसा,
घराची किल्ली मावेल इतकाच.
खिसा त्याच्या आईनं सुचवला होता,
तिसरी किल्ली हरवली त्या संध्याकाळी, चिडून.
कंपनीच्या माणसानं हसत वहीत लिहून घेतलं.
त्याला जोडामागे दोन डॉलर मिळायचे.
तिला एक जोड मिळाला, साडेनऊ नंबरचा.
तिचा पाय पाचचा.
तो घालून ती मागच्या अंगणात
फटक फटक करत मिरच्यांना पाणी घालायची.

पायाला भिंगरी होती तेव्हा, चार चाकांची.
जोडे झिजवणं काय असतं
ते आम्हाला विचारा.
बोर्डावर पॉलिशपेपरसारखी काळी पट्टी,
दर उडीला करंगळीच्या अंगाला बूट खरवडणारी.
दुसऱ्या आठवड्यात भोक,
तिसऱ्यात मोजा बाहेर डोकावणार.
मग ट्यूब पिळून चिकट गोंद थापायचा,
रात्रभर वॉटर हीटरवर वाळवायचा,
सकाळी पुन्हा शाळेमागच्या अकरा पायऱ्या.
लाल कठड्याला घासून घासून
वाढदिवसाच्या मेणबत्त्या संपवल्या आम्ही.
थिबोडो रखवालदार शिव्या देत यायचा,
पण एफ्रेन पळत सुटला असेल तर
उडी होईपर्यंत थांबायचा.

खट्.
मग काहीच नाही.
(कॅसेटवर त्या काहीच नाहीमध्ये
लांबून एक कुत्रं भुंकतं.)
मग चारही चाकं एकदम.

पुढे बारीक, चपट्या बुटांची फॅशन आली.
गोदामातले साडेतीन हजार जोड
वजनावर विकले म्हणे.
एफ्रेन आता लिफ्ट दुरुस्त करतो.
वरखाली जायचं, पण उडी न मारता, असं तोच म्हणतो.

परवा डोनटच्या दुकानाबाहेर एक पोरगा भेटायला आला.
काखेत खोकं. खोक्यात कोरा जोड,
आतला कागदसुद्धा न फाटलेला,
सहाशे डॉलर मोजून घेतलेला.
सही हवी होती.
एफ्रेन म्हणाला, नंबर काय?
साडेनऊ.
म्हणाला, घालून बघू?
पोराचा चेहरा उतरला, पण नाही म्हणवेना.

पहिलं पाऊल ठीक.
दुसऱ्याला काहीतरी कुरकुरलं.
तिसऱ्याला टाच
शिळ्या केकसारखी भुसभुशीत होऊन बाहेर सांडली.
पंचवीस वर्षं अंधारात बसून
तळवा आतल्या आत कुजला होता,
एकही पायरी न बघता.

पोरगा गुडघ्यांवर बसून भुगा गोळा करू लागला,
जणू तो परत लावता येणार होता.
एफ्रेन हसला, मग हसायचा थांबला.
बूट काढले. जिभेत बोट घालून
खिसा उलटा केला, पुन्हा सुलटा केला,
आणि जाड पेननं आतल्या कापडावर लिहिलं:
पर्पेटुआ मकाराएग.

हे कोण? पोरानं विचारलं.
खिसा, तो म्हणाला.

मी फोन काढून केव्हाच वाकलो होतो,
सवयीनं, जमिनीपासून वीतभर वर.
चौतीस सेकंद आहेत.
सही त्यात आली नाही.
मोज्यांवरच तो गाडीकडे चालत जातो तेवढं आहे,
काळं डांबर, राखाडी भुगा,
आणि उजव्या मोज्याला, करंगळीपाशी,
भोक.