अर्धा लिटर

आमच्या चिलोए बेटावर पाऊस विचारून येत नाही.
पत्र्यावर, मेंढ्यांच्या पाठीवर, होडीच्या तळाशी
पाणीच पाणी.
आणि मला दिवसाला अर्धा लिटर.
एदेल्मीराने मापाच्या भांड्यावर निळी रेघ मारून ठेवलीय.
चाळीस वर्षं याच खाडीत जाळी ओढली,
आता पाण्यात राहून पाण्याशीच वैर.

सोमवार, बुधवार, शुक्रवार: पहाटे पाचची फेरीबोट.
कास्त्रोला पोचेपर्यंत उजाडतं.
यास्ना आधी काट्यावर उभं करते.
"दोन किलो आठशे जास्त, एलेउतेरियो! बुडी मारलीत की काय?"
पुतणीचं लग्न होतं, मी सांगतो.
ती सुईचं पाकीट फाडते.
चौथ्या खुर्चीत ओसियेल बसायचा, फुटबॉलवरून भांडायचा.
दोन आठवडे तिथे चादरीची घडी आहे.
मी विचारलं नाही.

डाव्या मनगटाच्या वर शीर आणि धमनी एकत्र शिवलीय,
तिथे रात्रंदिवस घरघर,
धुक्यात दूर कुणाचं तरी इंजिन चालू असावं तशी.
मांजर नेमकं तिथेच डोकं टेकून झोपतं.
त्याला वाटतं, मीही त्याच्यातलाच.

बटाट्यांबद्दल मात्र बोलायलाच हवं.
जांभळे, काळे, बोटांसारखे वाकडे,
आईच्या वाफ्यातून चालत आलेलं बियाणं.
आता सोलायचे, चिरायचे, रात्रभर भिजवायचे,
ते पाणी फेकायचं, दुसऱ्यात उकडायचे, तेही फेकायचं.
ताटात येतं ते नुसतं बटाट्याचं नाव.
एदेल्मीरा स्वतःलाही तेच वाढून घेते.
तू कशाला, म्हटलं, तर म्हणते, गप खा.

रविवारी बाउदिलियोच्या चुलीभोवती कडू येर्बाचा तुंबा फिरतो,
एकच नळी, सगळ्यांची तोंडं.
आमच्यात तुंबा परत देताना 'आभारी आहे' म्हटलं
की त्याचा अर्थ: बास, आता नको.
पहिलं वर्षभर मी हातात घ्यायच्या आधीच आभार मानले,
गावातला सगळ्यात सभ्य माणूस झालो.
हल्ली बाउदिलियो न विचारता भरलेला तुंबा माझ्या हातात देतो.
मी धरतो. तळवे शेकतात. वाफ नाकात घेतो.
निवायच्या आत पुढे करतो.
कुणी काही बोलत नाही,
शिंपल्यांच्या भावावरून वाद चालू राहतो.

आज भांड्यात अजून दोन बोटं शिल्लक आहे.
एदेल्मीरा झोपली की पिईन,
पत्र्यावरचा धो धो ऐकत,
जरा जरा, चोरासारखा,
माझ्याच वाट्याचं.