डावीकडचा नट

ऑगस्टची थंडी. हुऑन नदीवर धुकं असं बसलंय
की पलीकडची सफरचंदाची बाग नुसती ऐकू येते:
कुणीतरी छाटणी करतंय. कच्. थांबून, कच्.
मी रॅनल्डच्या दुकानात. समोर दोन ग्राइंडर,
एक सहा इंची, एक आठ इंची,
आणि पर्समध्ये शाळेची बस चालवल्याची
न घेतलेली रजा, डॉलरांत मोडून मिळालेली.

कथबर्ट म्हणाला होता, सहा इंची घे, व्हेरिटी,
मिनिटाला अठ्ठावीसशे फेरे,
धार काय, चुटकीसरशी.
चुटकीसरशी काय होतं ते मी पाहिलंय, कथबर्ट.
गेल्या ईस्टरला, तुझ्याच करड्या दगडावर
मी पटाशी टेकवली, नजर क्षणभर खिडकीबाहेर गेली,
आणि पात्याच्या टोकावर निळा चढला,
कुंपणावरच्या रेन पक्ष्याच्या डोक्याचा निळा.
देखणा होता.
पण पोलादाचं पाणी उतरलं होतं.
पाणी उतरलं की माणसंही अशीच
थोडा वेळ देखणी दिसतात.

तेव्हा आठ इंची. चौदाशे फेरे.
रॅनल्ड बटण दाबतो, यंत्र घसा साफ करतं,
मग एकाच सुरात राहतं.
तो त्याच्या पाठीवर एक नाणं उभं करतो.
आम्ही दोघं नाण्याकडे बघत राहतो,
चूल पेटतेय का बघावं तसं.
पडत नाही.

आता चाकं.
हे सीबीएनचं, तो म्हणतो, झिजत नाही,
याचा व्यास कधी बदलत नाही,
हिऱ्याने घासून सपाट करायची कटकट नाही.
तुमच्यानंतरही राहील.
आणि मग कानापर्यंत लाल होतो बिचारा.
राहू दे रे. मी एकाहत्तरची आहे,
माझ्यानंतर राहणाऱ्या वस्तू
मला एवीतेवी मोजता येत नाहीत.

नव्या गोलच्या, हायस्पीड स्टीलच्या, त्या चाकावर चालतील.
पण एडा पायबसची तिरकी पटाशी आहे ना,
जुन्या कार्बन पोलादाची,
एके काळी कोपरापर्यंत लांब, आता जेमतेम वीतभर.
बाकीची सगळी लांबी
तीन माणसांनी धारेसाठी उधळली.
तसलं मऊ पोलाद सीबीएनच्या दातांत अडकून बसतं.
तिला पांढरा दगडच हवा,
जो स्वतः झिजतो आणि झिजवतो.

रॅनल्ड पांढरं चाक बोटावर अडकवून
स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टिचकी देतो.
थप्.
काही न बोलता तो ते गल्ल्याखाली सरकवतो,
दुसरं उचलतो. हे वाजतं,
स्वच्छ, लांबवर, चहाच्या रिकाम्या कपासारखं.
हे द्या, मी म्हणते.
आणि ते खालचं?
परत पाठवीन.
कुठे?
तो हातोडी शोधायला आत जातो.
दोन घावांत तुकडे. मग मी पैसे मोजले.

शेडमध्ये संध्याकाळपर्यंत बसवत होते.
उजवीकडे सीबीएन, मुकाट बसलं.
डावीकडचं जुनं चाक निघेना.
पान्याला पाइप लावला, तेल सोडलं,
कथबर्टच्या सात पिढ्यांना आठवलं,
नट आणखीच घट्ट.
अर्ध्या तासाने, बोटं बधिर झाल्यावर
कळलं की डावीकडचे आटे उलटे असतात:
तिकडे सैल करायचं म्हणजे
आपल्याला घट्ट वाटतं त्या दिशेने फिरवायचं.

एडा डावखुरी होती.
ती सांगायची ते मला नेहमी उलटं वाटायचं.
मी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला,
पांढरा दगड सुरू केला
आणि तिची पटाशी अगदी हलकेच टेकवली,
ठिणग्या थोड्या, लालसर,
निळं काहीच नाही.